बरणीत हायड्रा पाळा, जेलीफिश आपोआप कळेल

जेलीफिश म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पावसाळ्यात जुहूला नाहीतर आक्साला कुणाच्या तरी पायाला निळा दोरा चिकटला आणि तो बोंबलत दवाखान्यात गेला ही दरवर्षीची बातमी, आणि दुसरं म्हणजे दहावीच्या पुस्तकातलं ते छत्रीचं चित्र, ज्याच्या आजूबाजूला बहुशुंडक, छत्रिक, दंशपेशी असले शब्द असतात आणि पोरं ते परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. माझी भाची पण तेच करत बसली होती. मी म्हटलं ठेव ते पुस्तक, तुला जिवंत दाखवते. तर म्हणाली मावशी, पुण्यात कुठं आलाय समुद्र?

समुद्र लागतच नाही ना. जेलीफिशचा एक सख्खा चुलतभाऊ गोड्या पाण्यात राहतो, हायड्रा, पुस्तकात त्याला जलव्याल म्हणतात. ताणून उभा राहिला तर फार तर एक सेंटीमीटर, घाबरला तर मोहरीएवढा पण उरत नाही. काचेच्या बरणीत, खिडकीत, फुकटात पाळता येतो, आणि जेलीफिशच्या शरीराबद्दल जे काही मुळातलं कळायला पाहिजे ते जवळजवळ सगळं हा प्राणी तुम्हाला दाखवतो. मी दोन वर्षं पाळतेय, आधी चुकून आणि मग मुद्दाम. कसं करायचं ते सांगते.

आधी मिळवायचा कुठून

चुकून म्हणजे कसं, तर मी बारीक झिंग्यांचा टँक ठेवते, त्यात दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीबरोबर हे पाहुणे आले. एक दिवस काचेवर पांढरे धाग्याधाग्याचे तुरे दिसले, मला वाटलं बुरशी. टँकवाल्या लोकांच्या लेखी हायड्रा म्हणजे शत्रू, कारण तो झिंग्यांची नवीन पिल्लं खातो. त्यामुळे ओळखीत कुणाचा टँक असेल तर विचारा, ते आनंदाने देतील, वर चहा पाजतील.

नाहीतर तळं, विहीर, शेततळं, मंदिराचं कुंड, जिथं पाणी फार वाहत नाही आणि सांडपाणी येत नाही अशी जागा बघा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हा काळ चांगला. पाण्यातलं गवत, कमळाच्या पानाची खालची बाजू, कुजायला लागलेल्या काड्या, हे सगळं थोडं थोडं एका रुंद तोंडाच्या बरणीत तिथल्याच पाण्यासकट भरून आणा. जागेवर हायड्रा शोधत बसू नका, दिसणारच नाही, तो आकसून गोळा झालेला असतो. घरी आणून बरणी उजेडाच्या खिडकीत पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवा आणि हात लावू नका. एक रात्र जाऊ दे. सकाळी उजेडाच्या बाजूची काच नीट बघा, मागे काळा कागद धरा आणि बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा. काचेला एक टोक चिकटलेलं आणि दुसऱ्या टोकाला पाच-सहा केस हवेत सोडल्यासारखे लोंबतायत, असं काही दिसलं की झालं काम. नाही दिसलं तर दुसरं तळं. मला तळ्यातून तिसऱ्या वेळी मिळाला.

लागणारं सामान म्हणाल तर दोन काचेच्या बरण्या, ड्रॉपर, सोनार वापरतात तसली दहा पटीची लूप, म्हणजे छोटं भिंग, बस. मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर फोटो झकास येतात. तांब्यापितळेचं भांडं अजिबात नको, तांबं म्हणजे हायड्राला विष.

पाण्यात मी माती खाल्ली ती अशी

बरणीतलं पाणी कमी झालं म्हणून मी शहाणपणा करून आरओचं पाणी ओतलं, म्हटलं शुद्ध, याहून चांगलं काय देणार. दोन दिवसांत सगळ्यांच्या शुंडकांचे, म्हणजे त्या लोंबत्या केसांचे, खुंट झाले आणि मग नुसते गोळे तळाला पडले. नंतर वाचून कळलं की हायड्राला पाण्यात कॅल्शियम लागतंच आणि आरओ नेमकं तेच काढून टाकतं. म्हणजे पाणी आरओचं नको, क्षार असलेलं पाहिजे. उत्तम म्हणजे जिथून आणला तिथलंच पाणी फडक्यातून गाळून. नळाचं वापरायचं तर चोवीस तास उघडं ठेवून, किंवा माशांच्या दुकानात पाण्यातलं क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात ते घालून. बोअरचं चालतं, फार मचूळ नसेल तर.

खायला काय

हायड्रा जिवंत, हलणारं खातो. तळ्याच्या पाण्यात उड्या मारणारे टिंबाएवढे डॅफ्निया, सायक्लॉप्स असतील तर सुरुवातीला तेच पुरतात. ते संपले की आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिंपची अंडी, माशांच्या दुकानात छोटी डबी मिळते. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा खडे मीठ, चिमूटभर अंडी, हवेची नळी सोडायची, आपल्याकडच्या उबेत एक-दीड दिवसात नारिंगी ठिपके पोहायला लागतात. ते मलमलच्या फडक्यात गाळून गोड्या पाण्यात धुवायचे हे विसरू नका, मिठाचं पाणी बरणीत गेलं तर हायड्रा गेला. दोन-तीन दिवसांतून एकदा ड्रॉपरने थोडे थोडे द्या आणि काही तासांनी उरलेलं काढून टाका, कारण सडलेल्या खाण्याने जितके हायड्रा मरतात तितके उपाशी राहून मरत नाहीत.

आता बघायचं काय

पहिली गोष्ट, बरणीवर टिचकी मारा. हायड्रा झपकन आकसतो आणि मग मिनिटाभरात, सावकाश, अगदी आळस देत असल्यासारखा पुन्हा लांब होतो. हे जे झालं ते मेंदूशिवाय झालं. त्याला मेंदू नाही, पाठीचा कणा नाही, मज्जातंतूंचं एक जाळं सगळ्या अंगभर पसरलेलं आहे, कुठंही स्पर्श झाला की बातमी सगळीकडे जाते. जेलीफिशचं पण तसंच. फक्त तिला पोहायचं असतं म्हणून छत्रीच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर छोटी संवेदनाकेंद्रं असतात, तिथून छत्री मिटायचा ठेका ठरतो. बॉक्स जेलीफिश तर अशी की चार केंद्रांवर मिळून २४ डोळे, आणि ते डोळे जे पाहतात ते समजून घ्यायला डोकं नाही. टिचक्या मारत राहिलात तर काही वेळाने हायड्रा तुमच्याकडे दुर्लक्ष करतो, म्हणजे सवय होणं ही गोष्ट पण बिनमेंदूची जमते. झोप सुद्धा. कॅसिओपिया नावाची जेलीफिश झोपते हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं आणि हायड्रा झोपतो हे २०२० मध्ये. भाचीला मी हे सांगितलं तर म्हणे मग मेंदू असून मला झोप का येत नाही.

दुसरी आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जेवण. लूप डोळ्याला लावा, हात टेबलावर टेकवा म्हणजे हलणार नाही, आणि एका हायड्राजवळ दोन-तीन आर्टेमिया सोडा. आर्टेमिया वेडंवाकडं पोहत येतं, शुंडकाला हलकंसं घासतं आणि जागच्या जागी थांबतं. हायड्रा त्याच्या मागे धावलेला नसतो, त्याने पकडलेलं पण नसतं अजून, तरी ते तिथंच टांगलेलं, पाय एकदोनदा थरथरतात आणि बंद. मग ते शुंडक सावकाश आत वळतं, दुसरी दोन मदतीला येतात, आणि जिथं तोंड आहे असं आपल्याला वाटत पण नव्हतं तिथं भोक पडतं. वाटत नव्हतं याचं कारण ते खरंच नसतं, जेवण झालं की हायड्राच्या तोंडाची कातडी पूर्ण जुळून येते आणि पुढच्या घासाला ती परत फाडून उघडावी लागते. तोंड उघडायचं हे त्याला कसं कळतं तर भक्ष्याला जखम झाली की त्यातून ग्लुटाथायोन नावाचं रसायन पाण्यात येतं, त्याच्या वासावर. १९५५ पासून हे माहीत आहे.

घासलं आणि थांबलं याच्या मधे जे झालं ते लूपमधून दिसत नाही, त्यासाठी दंशपेशी समजून घ्यायला लागते, आणि जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफूल, हायड्रा ही सगळी मंडळी एका खानदानात का तर या एका पेशीमुळे. संघाचं नाव निडारिया ते याच्यावरूनच, पुस्तकात सिलेंटराटा पण लिहिलेलं असतं. या पेशीत एक कुपी असते, कुपीत गुंडाळलेली नळी, बाहेर एक बारीक केस. केसाला धक्का लागला की कुपीचं झाकण उडतं आणि कुर्त्याची आत गेलेली बाही झटक्यात बाहेर काढावी तशी ती नळी उलटी होत बाहेर येते, भक्ष्यात घुसते आणि विष सोडते. कुपीतला दाब १५० वातावरणांएवढा, आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतो म्हणजे अंदाज करा. आणि वेग? २००६ साली हायड्रावरच अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजला तर पहिला वार ७०० नॅनोसेकंदात झालेला, म्हणजे सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यापेक्षाही कमी वेळ. एक कुपी एकदाच उडते, मग नवीन पेशी तयार होऊन तिथं येते. आपल्या बोटाला हायड्रा काही करू शकत नाही, बिनधास्त हात घाला.

शाळेत मायक्रोस्कोप मिळत असेल तर काचपट्टीवर एक हायड्रा थेंबभर पाण्यात ठेवा, कव्हरस्लिप, चारशे पटीवर शुंडकाचं टोक फोकस करा, मोत्यांच्या माळेसारख्या कुप्या दिसतील. बाजूने व्हिनेगरचा पातळ थेंब सोडला की फटाफट नळ्या बाहेर येतात. तो हायड्रा मात्र गेला समजा, म्हणून एकदाच आणि सगळ्या वर्गाला एकत्र दाखवा.

जेवण झाल्यावर पोट फुगतं, कातडीतून नारिंगी दिसतं, आणि काही तासांनी उरलेली टरफलं तो त्याच तोंडातून बाहेर फेकतो. दुसरं भोकच नाही. आत जाणं, बाहेर टाकणं, सगळा कारभार एका दरवाज्याने. शरीर म्हणजे दोन थरांची पिशवी, बाहेरचा थर आणि आतला थर आणि दोघांच्या मधे चिकट असा पातळ पापुद्रा, त्याला मेसोग्लिया म्हणतात. हा पापुद्रा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं, नीट खाऊ घातलात तर आठवड्याभरात हायड्राच्या कमरेला एक गाठ येते. रोज एकाच वेळेला फोटो काढा. गाठीला टोक येतं, टोकाला बारीक शुंडकं फुटतात, पिल्लू आईला चिकटून असतानाच स्वतः शिकार करायला लागतं (आईच्याच आर्टेमियावर डल्ला मारतं, मी पाहिलंय), आणि तीन-चार दिवसांत सुटून चालायला लागतं. चालणं म्हणजे कोलांट्या उड्या. डोकं टेकवायचं, पाय सोडायचा, पलीकडे टाकायचा.

कापून बघायचं का

हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी एकदाच केलं. नवीन ब्लेडने उपाशी हायड्रा मधोमध कापला, दोन वाट्यांत ठेवला, खायला दिलं नाही. वरच्या तुकड्याला पाय आणि खालच्या तुकड्याला डोकं, तीन दिवसांत दोन पूर्ण हायड्रा. रक्तबीजाची गोष्ट आपल्याला माहीत आहेच, ग्रीकांकडे तसाच एक राक्षस आहे, एक डोकं उडवलं की दोन येणारा, त्याचंच नाव याला दिलंय. पहिल्यांदा हे पाहिलं अब्राहम ट्रेंब्ली नावाच्या माणसाने, हेगमध्ये एका सरदाराच्या मुलांना शिकवायला ठेवलेला शिक्षक होता तो, १७४० मध्ये त्याला हा हिरवा जीव वनस्पती आहे की प्राणी कळेना म्हणून कापून बघितला, वनस्पती असेल तर फुटवा येईल म्हणून. फुटवा आला, पण तो जीव चालतही होता आणि खातही होता. पुढे १७४४ मध्ये त्याने पुस्तकच काढलं. म्हणून टँकवाल्यांना हात जोडून सांगते, काचेवरचे हायड्रा खरवडून चिरडू नका, तुम्ही मारत नाही आहात, तुम्ही लागवड करताय.

पुण्यातल्यांसाठी एक सांगायलाच पाहिजे. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रावर कितीतरी वर्षं काम केलंय, आणि पुण्यात सापडलेल्या हायड्राच्या वाणाला विज्ञानाच्या जगात हायड्रा वल्गारिस इंड-पुणे असं नाव आहे. गंमत पुढेच आहे. ही संस्था ज्यांच्या नावाची ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतींचे अभ्यासक, मूळचे मालवणचे, आणि त्यांनी १९१० च्या आसपास साताऱ्याकडच्या सह्याद्रीत नदीच्या पाण्यात जेलीफिश शोधली होती. गोड्या पाण्यातली जेलीफिश! तशी जात तोपर्यंत फक्त आफ्रिकेत माहीत होती. तिचं नाव पुढे लिम्नोक्निडा इंडिका ठेवलं गेलं. म्हणजे पुण्यात कुठं आलाय समुद्र या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालेलं आहे.

मग यातून जेलीफिश कशी कळते

बरणीतला हायड्रा मनातल्या मनात उचला, उलटा करा म्हणजे तोंड आणि शुंडकं खाली, आता दांडी दाबून पसरट करा आणि तो मधला पापुद्रा, मेसोग्लिया, भरपूर पाणी पिऊन जाडजूड होऊ द्या. झाली जेलीफिश. उभी दांडी ती बहुशुंडक आणि उलटी घंटा ती छत्रिक. बाकी हिशोब तोच, दोन थर, एक दरवाजा, मेंदू नाही, हृदय नाही, शुंडकांवर दंशपेशी, आणि अंगात साधारण ९५ टक्के पाणी, म्हणून किनाऱ्यावर पडलेली जेलीफिश उन्हात काही वेळात नुसता डाग उरते.

आणि हे फक्त डोक्यातलं नाही, जेलीफिश स्वतः आयुष्यात दोन्ही होते. नर-मादीच्या बीजापासून केसाळ अळी होते, ती दगडाला, शिंपल्याला, जेटीच्या खांबाला चिकटते आणि तिचा बहुशुंडक होतो, दोन-तीन मिलिमीटरचा, हुबेहूब तुमच्या बरणीतला हायड्रा. तो महिनोन् महिने तसाच राहील. मग हवामान, पाण्याचं तापमान जुळलं की त्याच्या अंगावर आडव्या खाचा पडतात, इडलीच्या स्टँडमध्ये ताटल्या एकावर एक असतात ना तशा चकत्या होतात आणि एकेक चकती सुटून पोहायला लागते, ती बाळ जेलीफिश. एकेकाकडून पाच-दहा चकत्या आणि खाली असे लाखो चिकटलेले, मग एका सीझनला अचानक जाळी फाटेस्तोवर जेलीफिश का येतात ते कळतं. हायड्राने हा छत्रीचा भाग आयुष्यातून काढूनच टाकला, प्रवाळांना आणि समुद्रफुलांना पण तो नाही, ते जन्मभर दांडीच. प्रवाळ म्हणजे स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारे हायड्रासारखे हजारो जीव, मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर हे डोक्यात ठेवून बघा, वेगळंच दिसतं. काही हायड्रा हिरवे असतात, त्यांच्या पेशीत शेवाळ राहतं आणि उजेडावर साखर करून देतं, प्रवाळांचा संसार पण तसाच भाडेकरूंवर चालतो.

हायड्रा म्हातारा होतो का हे एकाने चार वर्षं बघितलं आणि १९९८ मध्ये लिहिलं की म्हातारपणाची खूण दिसत नाही. माझा अनुभव वेगळा आहे, माझे आरओच्या पाण्याने गेले.

समुद्रावर जाणार असाल तर

पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारा तो निळा फुगा, फायसेलिया, पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, ती जेलीफिश नाहीच, ती अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे, कुणी तरंगतो, कुणी शिकार करतो, कुणी पचवतो. तिला पोहता येत नाही, नैऋत्येचा वारा ढकलतो म्हणून आपल्या किनाऱ्याला येते. निळ्या बटणासारखी पोर्पिटा पण हायड्राच्या गोतावळ्यातली, ती फारशी चावत नाही. दंशपेशीचं वर वाचलंत तर आता कळेल की मेलेली, वाळूत पडलेली शुंडकं पण का चावतात, कारण कुपी उडायला प्राणी जिवंत असायची गरजच नाही, केसाला धक्का पुरे. म्हणून लागलं तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, त्याने न उडालेल्या कुप्या उडतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, दोरे चिमट्याने उचला, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीसेक मिनिटं धरा. व्हिनेगर काही जातींना चालतं आणि काहींना उलटं करतं, तेव्हा जात ओळखल्याशिवाय नको. लघवीचा उपाय कृपया नको. श्वास लागला, छातीत दुखलं, गरगरलं तर सरळ हॉस्पिटल. आणि विसर्जनाला पाण्यात उतरता तेव्हा पायाला काटा रुतून भळाभळा रक्त आलं तर ते जेलीफिशचं काम नव्हे, ते पाकटाचं, आणि पाकट वेगळाच प्राणी, मासा.

बरणीचं शेवटचं. नको झाले तर गटारात किंवा नदीत ओतू नका, जिथून आणले त्याच तळ्यात सोडा, टँकमधले असतील तर कुणा शाळेला द्या. एप्रिल-मे सांभाळा, पाणी तिशीच्या वर गेलं की हायड्रा टिकत नाही. मी बरणी स्वयंपाकघरात माठाच्या शेजारी ओल्या फडक्यात ठेवते, तिथं गारवा असतो. फक्त घरात कुणी तहानेने चुकून उचलेल म्हणून वर चिठ्ठी लावलीय, भाचीच्या अक्षरात, पिऊ नये, आत मंडळी राहतात.